सुंठीच्या बाटलीवर माप लिहा, मराठीत लिहा

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

विषय : आले आणि सुंठ यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी, कॅप्सूल आणि सप्लिमेंट

महोदय,

मानवतच्या बाजारपेठेत आले तीन ठिकाणी विकले जाते. भाजीवाल्या मावशींपुढच्या पोत्यावर ते मातीसकट, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी पडलेले असते. किराणा दुकानात तेच वाळून सुंठ होते, बरणीत राहते आणि वीस-तीस ग्रॅम मागितली तरी पुडीत बांधून मिळते. मेडिकलच्या काचेमागे ते कॅप्सूल होऊन बसते. बाटलीवर इंग्रजीत ‘जिंजर रूट एक्स्ट्रॅक्ट’ असे छापलेले असते, खाली बारीक अक्षरांत आणखी बरेच काही. पहिल्या दोन ठिकाणी गिऱ्हाईक कंद मोडून बघते, नाकाशी नेते, रेषा किती निघतात ते पाहते आणि मगच पैसे काढते. तिसऱ्या ठिकाणी मोडून बघायला काहीच नसते. तिथे पारखायचे काम लोकांनी आपल्या प्रशासनावर सोडलेले आहे. हे पत्र त्या तिसऱ्या ठिकाणाविषयी आहे, आणि थोडेसे दुसऱ्याविषयीही, कारण अलीकडे सुंठही सगळ्यांना पावडर करूनच हवी असते.

मानवत हे कापसाचे गाव. हंगामात बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसले जाते. आठ टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव कापला जातो, बाराच्या वर गेली की गाडी परत. शेतकरी त्यावर भांडतो, यंत्रावर शंका घेतो, तरी मोजणी त्याच्या डोळ्यांसमोर होते. सुंठीच्या बाबतीतही अन्नसुरक्षेच्या मानकात ओलाव्याची वरची मर्यादा बारा टक्केच आहे. पण कापूस विकून घरी जाताना त्याच शेतकऱ्याने घेतलेल्या सुंठ पावडरीची मोजणी कोणी केली, कधी केली, काय निघाले, हे त्याला कळायची सोय नाही. विकताना जे माप त्याला लागू होते ते विकत घेताना त्याच्या बाजूने उभे राहत नाही, ही मानवतकरांची साधी तक्रार आहे.

सुंठीविषयी या पत्रात आकस नाही, उलट तिची आब राखली जावी म्हणूनच हा खटाटोप. मराठवाड्यातल्या घरात बाळंतिणीला सुंठ, गूळ आणि तुपाची गोळी दिली जाते, मग डिंकाचे लाडू येतात, त्यातही सुंठ असते. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला देवाचा जन्म झाला की देवळात सुंठवडा वाटतात. घरात मूल जन्मल्यावर आईला जे द्यायचे तेच तिथे देवाच्या आईसाठी झालेले असते, आणि प्रसाद म्हणून सगळ्या गावाच्या तळहातावर पडते. घसा धरला की आल्याचा रस आणि मध. पोट जड वाटले की जेवणाआधी मीठ लावलेली आल्याची चकती, आणि ही चकती भावप्रकाशातही सांगितलेली आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते, ते कितीतरी चूर्णांच्या पाठात येते. सूतिकेसाठी सौभाग्यशुंठी पाक आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. त्यांचा ‘आर्यभिषक’ हा मराठी ग्रंथ वैद्य नसलेल्या घरांतही पोहोचला आणि घरगुती औषधाला त्याने भाषा दिली. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण रुजायला खोकला म्हटल्याबरोबर सुंठ आठवणारा समाज लागतो. तो इथे आहे.

हे ज्ञान बाहेरच्या कोणी बळकावू नये म्हणून देशाने कष्टही घेतले. हळदीच्या जखमेवरील उपयोगाचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये दिले होते, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतले. आल्याच्या वाट्यालाही असाच प्रसंग आला. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये आले आणि कुटकी यांच्या कफावरील औषधासाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला. पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयातून जुन्या ग्रंथांतले दाखले पुढे ठेवल्यावर तो दावा बारगळला. परक्यांपुढे दाखवलेली ही दक्षता आपल्याच गिऱ्हाइकासाठी घरातही दाखवली जावी, एवढीच अपेक्षा आहे.

सुंठ कशी होते हे एकदा जवळून पाहिले की तपासणी कशाची हवी ते आपोआप कळते. लागवडीनंतर आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळला की गड्डे काढतात, माती धुतात, रात्रभर पाण्यात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चोळून साल काढायला बसतात. केरळात त्यासाठी बांबूची धार काढलेली कामटी वापरतात, कारण लोखंडी सुरीने कंद काळपट पडतो. साल खोलवर काढायची नसते. सुगंधी तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खाली असतात, हात जड पडला की तेलच सालीबरोबर जाते. मग आठ-दहा दिवस उन्हात वाळवण. शंभर किलो ओल्या आल्याची जेमतेम वीस ते पंचवीस किलो सुंठ हाती येते. काही ठिकाणी चुन्याच्या निवळीत बुडवून वाळवतात, अशी सुंठ पांढरी दिसते आणि तिला कीड लवकर लागत नाही. गंधकाची धुरी दिलेली सुंठही पांढरीच दिसते. गिऱ्हाईक मात्र पांढरी म्हणजे उंची असे समजून दोन पैसे जास्त मोजते. वाळवणीत ओल राहिली की बुरशी धरते आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन या विषाची भीती येते. अख्ख्या सुंठीवर बुरशी डोळ्यांना दिसते, दळल्यावर दिसत नाही. पावडरीची तपासणी अख्ख्या सुंठीपेक्षा जास्त वेळा व्हायला हवी ती यासाठी.

ओले आले आणि सुंठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे वैद्य फार आधीपासून मानत आले. त्यांनी आर्द्रक आणि शुंठी यांचे गुण वेगवेगळे लिहिले. रसायनशास्त्रानेही तेच दाखवले. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजरॉल या घटकाचा. वाळताना त्यातल्या काही भागातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होते, ते जिंजरॉलपेक्षा बरेच तिखट असते. शिजवल्यावर झिंजेरोन होते आणि धार सौम्य होते. म्हणून चहातले आले, काढ्यातली सुंठ आणि कॅप्सूलमधला अर्क यांना एकच नाव देऊन भागत नाही. बाटलीवर नुसते ‘आले’ असे लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धीच माहिती देणे आहे.

आता उपयोगाचे. आल्याने मळमळ कमी होते, हे केवळ आजीचे म्हणणे राहिलेले नाही. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मोरी आणि क्लेसन यांचा प्रयोग छापून आला. प्रवासात ज्यांना मळमळते अशा ३६ विद्यार्थ्यांना फिरत्या खुर्चीत बसवले होते. सुंठीची पावडर घेतलेल्यांनी, नेहमीची गोळी घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ तग धरला. गरोदरपणातल्या मळमळीवर आले हा एक पर्याय असल्याचे ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आहे. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २०१२ मध्ये प्रवासातील मळमळीसाठी सुंठीचा उपयोग मान्य केला आणि पोटफुगीसाठी पारंपरिक उपयोग म्हणून नोंदवला. माजलगावहून परभणीकडे एसटीने निघालेल्या आणि पाथरी येईपर्यंत पदर तोंडाला लावणाऱ्या बाईने आलेपाकाची वडी चघळली तर ती काही भाबडी समजूत नव्हे.

पण या पुराव्याला माप आहे, आणि सगळा मुद्दा त्या मापाचा आहे. अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ५७६ जणांचे निष्कर्ष होते. नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज अर्धा, एक किंवा दीड ग्रॅम आले दिले गेले. सगळ्यांत चांगला गुण अर्ध्या आणि एक ग्रॅमला आला, दीड ग्रॅमला नाही. जास्त घेतले म्हणजे जास्त गुण, हा हिशेब इथे बसला नाही. शिवाय त्या अभ्यासात आल्याने मळमळ कमी झाली, कर्करोग नाही. ही दोन वाक्ये बाजारात पोहोचेपर्यंत एक होतात, आणि ‘कर्करोगावर आले’ एवढेच उरते.

भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात शुंठीच्या चूर्णाची मात्रा एक ते दोन ग्रॅम दिलेली आहे. गरोदरपणातल्या मळमळीवरच्या बहुतेक प्रयोगांत दिवसाला साधारण एक ग्रॅम वापरले गेले. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ सुचवला. त्याचा पाठ होता तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. तीन ग्रॅम चूर्ण दीडशे मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. हिशेब केला तर एका वेळेला सुंठ पाऊण ग्रॅमच्याही आत राहते. वैद्यांचा जुना अंदाज, दवाखान्यातले प्रयोग आणि सरकारी काढा, तिन्ही एकाच मापाच्या आसपास येऊन थांबतात. घरातली चिमूटही तेवढीच असते. करोनाच्या दिवसांत मंत्रालयाने सांगितलेल्या पाठातले चूर्ण सगळीकडे गेले, ग्रॅम मात्र मंत्रालयाच्या कागदावरच राहिले. दिवसातून चार-पाच वेळा काढा पिऊन छातीत जळजळ घेऊन बसलेली माणसे त्या वर्षी कोणत्या गावात नव्हती?

सुंठ जपून घ्यावी अशी माणसेही आहेत. जास्त आल्याने आम्लपित्त वाढते, तोंड आणि घसा हुळहुळतो, जुलाब होऊ शकतात. पित्ताशयात खडे असतील तर आधी विचारावे. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्तात गुठळी झालेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्याने आल्याच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नयेत. आले आणि या गोळ्या यांच्या एकत्र परिणामावर संशोधकांत एकमत नाही, म्हणूनच सावधगिरी जास्त हवी. शस्त्रक्रियेच्या आधी घेत असलेले प्रत्येक चूर्ण डॉक्टरांना सांगावे. भाजीतल्या आल्याला यातले काही लागू पडत नाही. एकवटलेल्या अर्काला लागू पडते. मानवतच्या ग्रामीण रुग्णालयात ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारले की माणूस साखरेची गोळी सांगतो, रक्तदाबाची सांगतो, आणि बाटलीतल्या कॅप्सूलचे नाव घेत नाही. ते औषध आहे असे त्याला वाटतच नाही. ‘ते आपलं आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं,’ असे तो म्हणतो.

आणि त्याच्याकडून उलट चूकही होते. सप्लिमेंटच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे स्पष्ट छापणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ते छापलेले असते. इंग्रजीत असते. लेबलच्या नियमांत इंग्रजी किंवा देवनागरीतील हिंदी यांपैकी एक भाषा सक्तीची, मराठी मर्जीवर. त्यामुळे बाटली विकत घेणारा माणूस ती गुडघेदुखीचे औषध म्हणून घेतो, आणि हे औषध नाही असे सांगणारी ओळ त्याच्याच हातात न वाचलेली राहते.

लेबलवरचा दुसरा भाग आणखी जवळून बघण्यासारखा आहे. समजा साठ कॅप्सूलची बाटली आहे आणि प्रत्येकीत पाचशे मिलिग्रॅम सुंठीची पावडर आहे. सगळ्या मिळून तीस ग्रॅम सुंठ झाली. तेवढ्या सुंठीसाठी ओले आले लागते साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, म्हणजे भाजीवाल्या मावशी एका मुठीत उचलून तागडीत टाकतील एवढे. त्याचे किती पैसे द्यायचे हे गिऱ्हाइकाने ठरवावे, पण त्याला हा हिशेब कळला तर. आता पावडरीऐवजी ‘एक्स्ट्रॅक्ट’ लिहिले असेल तर गोष्ट बदलते. किती सुंठीचा किती अर्क काढला, त्यात जिंजरॉल किती टक्के, हे जिथे लिहिलेले नाही तिथे पाचशे मिलिग्रॅम या आकड्याला अर्थ उरत नाही. एका कंपनीच्या पाचशेत अर्धा ग्रॅम सुंठ असेल, दुसरीच्या पाचशेत पाच ग्रॅमचा सार. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, एकाच नावाने.

आल्यासारख्या निरुपद्रवी कंदासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी अमेरिकेची एक हकीकत सांगणे भाग आहे. तिथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती. पोटदुखीवर ‘जमैका जिंजर’ नावाचा आल्याचा अर्क औषधाच्या दुकानांत मिळे आणि त्यात बहुतांश अल्कोहोलच असे. गरीब माणसे तो दारू म्हणून पीत. सरकारने त्यात आल्याचा अंश इतका जास्त ठेवायला लावला की तो घशाखाली उतरू नये. तपासनीस नमुना घेत, द्रव उडवून टाकत आणि खाली उरलेल्या घन भागाचे वजन करत. वजन भरले की माल पास. मग आल्याऐवजी काकवी आणि एरंडेल घालून वजन भरायची युक्ती निघाली. १९३० च्या सुमारास बोस्टनच्या उत्पादकांनी त्यासाठी ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे प्लॅस्टिक उद्योगात वापरले जाणारे रसायन घातले. चव लागत नव्हती, वास येत नव्हता, वजन बरोबर भरत होते. काही आठवड्यांत देशभर माणसांचे पाय लुळे पडू लागले. पोटऱ्यांतली ताकद गेली, पाऊल टाकताना आधी बोटे आणि मग टाच आपटू लागली. बाधितांचा अंदाज तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दिला जातो. पुष्कळ जण पुन्हा कधी सरळ चालले नाहीत. याच वर्गातल्या रसायनाने १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात भेसळीच्या खाद्यतेलातून शेकडो लोकांना पांगळे केले.

या हकीकतीत आल्याने कोणाचे काही बिघडवले नाही. बिघडवले ते आल्याचे नाव लावून दुसरेच विकू देणाऱ्या तपासणीने. तपासनीस होते, प्रयोगशाळा होत्या, कागद पुरे होते, फक्त मोजायची गोष्ट चुकीची होती. म्हणून सुंठीच्या नमुन्यात राख आणि ओलावा बघून थांबू नये. तेलाचे प्रमाण, जिंजरॉलचे प्रमाण, परके पीठ, वेदनाशामक किंवा स्टेरॉइडची भेसळ, हे सगळे बघितले जावे. सांधेदुखीच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत स्टेरॉइड सापडणे आपल्या प्रशासनाला नवे नाही.

जाहिरातींचे प्रकरण वेगळे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा अशा कितीतरी व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात त्याने मना केली आहे. २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम आला आणि आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधाच्या जाहिरातीला आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची संमती लागू लागली. १ जुलै २०२४ रोजी केंद्राने तो नियम वगळला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठवली. म्हणजे आधी तपासायचे दार बंद झाले. उरले ते नंतर पकडायचे, आणि ते राज्याच्या हातात आहे. अन्न म्हणून परवाना असलेल्या मालासाठी अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ५३ आहेच, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड. कायदा अपुरा नाही. मानवतच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘सात दिवसांत साखर गायब’ असे लिहिणाऱ्याला तो कधी आठवत नाही, कारण त्याची प्रचिती कोणाला आलेली नाही.

महोदय, दिल्लीच्या हातातले आपल्याकडे मागण्यात अर्थ नाही. आपल्या हातात असलेले बरेच आहे. औषध दुकानांचे परवाने आपले कार्यालय देते. तेव्हा सुंठ आणि आल्याच्या सप्लिमेंटजवळ मराठीत एक पाटी लावायला दुकानदारांना सांगता येईल : हे औषध नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना विचारा, अर्क आणि पावडर यांत फरक आहे. एवढ्या तीन ओळी पुरेत. परभणी जिल्ह्यातल्या पुढच्या नमुना मोहिमेत तूप, खवा आणि खाद्यतेलाबरोबर सुंठ पावडर आणि आल्याच्या कॅप्सूलही घ्याव्यात. मोहीम दिवाळीच्या तोंडावर असते, सुंठीचा खप पावसाळ्यात आणि थंडीत असतो, म्हणून वेळ वेगळी ठरवावी. निकाल गुळगुळीत अहवालात न ठेवता नमुना कोणत्या तालुक्यातला, काय तपासले आणि काय निघाले, एवढे मराठीत तहसील कार्यालयात आणि बाजार समितीत लावावे.

मानवतपासून तासाभरावर परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि तिथे १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय चालते. कायदेशीर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच जायला हवा, हे खरे. पण बचत गटांच्या बायकांना सुंठ कशी वाळवावी, ओल कशी मोजावी आणि चांगली पावडर कशी ओळखावी हे शिकवायला याहून जवळची जागा नाही. खुलताबाद, कन्नड, फुलंब्री, सातारा, कोरेगाव या भागांतला आले उत्पादक एका वर्षी भावाने हरखतो आणि पुढच्या वर्षी गड्डे जमिनीतच ठेवायची वेळ त्याच्यावर येते. २०२३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आल्याने उच्चांकी भाव दाखवला, नंतर तो कोसळला. चांगल्या, तपासलेल्या सुंठीला विश्वासाचे गिऱ्हाईक मिळाले तर पडत्या भावात त्याला वाळवणीचा आधार होईल. भेसळीला जागा मिळते तोवर प्रामाणिकपणे वाळवलेली सुंठ महागच वाटणार आणि मागे पडणार.

शेवटी मानवतकर वाचकांसाठी. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला दिला आहे. माल घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे, शुल्क भरायचे आणि अहवाल घ्यायचा. माल कायद्याविरुद्ध निघाला तर शुल्क परत मिळते. हा हक्क वापरा. आणि आयुक्त महोदय, तो वापरता यावा म्हणून शुल्क किती, नमुना कुठे द्यायचा आणि अहवाल किती दिवसांत मिळतो, हे मराठीत छापून मानवतच्या बाजार समितीत, ग्रामीण रुग्णालयात आणि नगरपरिषदेच्या फलकावर या पावसाळ्याआधी लावावे, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
मानवत, जि. परभणी